नाव कोठे कोरावे?

चाळीसगावजवळ, गौताळा अभयारण्याच्या डोंगरकुशीत पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. त्यांचे खोदकाम इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात आरंभले. जाणत्या मार्गदर्शकासोबत एका दिवसात ती पाहता येतात. मात्र तेथे आपण शिल्पांइतकेच ब्राह्मी लेखांपाशीही थांबले पाहिजे.

हे लेख दात्यांची नावे सांगतात. पैठणचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी मितदेव, राजवैद्य मगिल व त्याचे कुटुंबीय यांनी दान दिले. येथे सापडलेली यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ती घडविणाऱ्या कान्हदास सोनाराचे नाव कोरलेले आहे. म्हणजे ही लेणी केवळ राजाज्ञेने नव्हे, तर व्यापारी, वैद्य आणि कारागीर यांच्या दानाने व श्रमाने घडली.

आता जळगावहून सुमारे साठ किलोमीटरवरील अजिंठा आठवू या. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील चित्रावर आपले नाव ओरखडले. तेही टिकले, परंतु तेथे चित्राची हानी झाली.

कान्हदासाचे नाव निर्मितीची साक्ष देते, स्मिथचे नाव हानीची. सहलीला निघालेल्या मुलांना आपण हा भेद भिंतीपाशी उभे करूनच दाखवावा. समाजाच्या दानावर उभ्या असलेल्या वसतिगृहातील मुलांना तो लवकर उमगेल. दगडावर ओरखडा न काढता दानात आणि श्रमात आपले नाव ठेवणे, हाच या लेण्यांचा धडा आहे.