बर्फ घट्ट, मग हिमनदी वाहते कशी?

प्रश्न : ध्रुवीय प्रदेशात वर्षाचा बराच काळ तापमान शून्याखाली असतं. तरी तिथल्या हिमनद्या पुढे कशा सरकतात? आणि त्यांचा वेग कमीजास्त का होतो?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बर्फ हाताला घट्ट लागतो, पण शेकडो मीटर जाडीच्या थराखाली त्याचे स्फटिक हळूहळू आकार बदलतात. परातीतला सैल कणकेचा गोळा आपल्याच वजनाने पसरावा, तसा तो उताराकडे सरकतो. ही चाल संथ असते. खरा वेग येतो तो तळातून. दोन किलोमीटर बर्फाच्या दाबाने वितळणबिंदू सुमारे दीड अंशाने उतरतो. त्यात पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेची आणि घर्षणाची भर पडते. त्यामुळे वर कडाक्याची थंडी असली, तरी तळाशी पाणी असू शकतं आणि ओल्या गाळावरून बर्फ घसरतो.

वेग बदलतो त्यामागे अनेकदा समुद्र असतो. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची याकोबशाव्हन हिमनदी पाहा. १९९७च्या सुमारास डिस्को उपसागरात कोमट पाणी शिरलं. हिमनदीचं समुद्रावर तरंगणारं टोक खालून झिजून फुटलं आणि मागच्या बर्फाला रोखणारा आधार गेला. २०१२च्या उन्हाळ्यात ती दिवसाला सुमारे ४६ मीटर धावत होती. पुढे २०१६पासून तिथे थंड पाणी आलं, तशी तिची चाल मंदावली आणि तोंडाजवळची जाडीही वाढली. म्हणून ग्रीनलंड सावरलं असं मात्र नाही. एकूण बर्फ घटतच राहिला. अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीलाही खोलातलं कोमट पाणीच खालून पोखरतं आहे.

हे मोजतात कसं? रडार उपग्रहाच्या दोन फेऱ्यांतल्या प्रतिमा ताडून वेग कळतो. ग्रेस उपग्रहांच्या जोडीने २००२पासून गुरुत्वाकर्षणातल्या सूक्ष्म फरकांवरून बर्फाचं वस्तुमान मोजलं. प्रत्यक्ष हिमनदीवर काठ्या रोवून बर्फ किती साचला, किती वितळला हेही पाहतात. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर २००८पासून भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र आहे. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ तिथल्या हिमनद्यांवर अशा नोंदी घेतात.

थोडक्यात, समुद्राला मिळणाऱ्या हिमनदीचं भवितव्य सांगायचं तर हवेचं तापमान पुरत नाही. तिच्या तोंडाशी येणारं पाणी किती कोमट आहे, तेही मोजावं लागतं.