दिव्यांची भाषा

माणसाला ताप आला, तर तो तसे सांगू शकतो. बहुतेक यंत्रांना बोलता येत नाही. म्हणून यंत्र बनवणारे त्याच्या अंगावर लहान दिवे बसवतात. दिव्याचा रंग आणि त्याचे लुकलुकणे, हीच यंत्राची भाषा असते. ही भाषा ज्याला वाचता येते, त्याचा वेळ वाचतो आणि दुरुस्तीचा नाहक खर्चही टळतो.

घर झाडणाऱ्या यंत्रमानवाचेच उदाहरण घेऊ. अमेरिकेतील आय-रोबोट या कंपनीने २००२ साली 'रूम्बा' नावाचा असा यंत्रमानव बाजारात आणला. तो गोल आणि बुटका असतो. पोटाखालच्या ब्रशांनी तो केर गोळा करतो व आत ओढून घेतो. जिन्याच्या कडेला आला, की तो मागे फिरतो. त्याच्या खालून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जमिनीवर पडत असतात. किरण परत आले, तर जमीन आहे. परत आले नाहीत, तर पुढे खोल आहे, असे तो समजतो. काळा गालिचा हे किरण शोषून घेतो. त्यामुळे काही यंत्रमानव काळ्या गालिच्यालाच खड्डा समजून थांबतात. अशा वेळी यंत्र बिघडलेले नसते, त्याची समजूत चुकलेली असते.

आता त्याचे दिवे पाहू. रूम्बाच्या ६०० क्रमांकाच्या मालिकेत बॅटरी रिकामी झाली, की लाल दिवा लागतो. बॅटरी भरत असताना नारिंगी दिवा मंद होतो आणि पुन्हा उजळतो. बॅटरी पूर्ण भरली, की हिरवा दिवा स्थिर राहतो. पण दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात याच रंगांचा अर्थ वेगळा असू शकतो. म्हणून यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका जपून ठेवावी. काही लोकांना लाल आणि हिरवा यांतील फरक ओळखता येत नाही. त्यांना दिवा स्थिर आहे की लुकलुकतो, यावरून आणि यंत्राच्या आवाजावरून मदत होते.

पुष्कळ वेळा तक्रार वेगळीच असते. मोबाइलवर 'यंत्र जोडलेले नाही' अशी सूचना येते आणि घरातील माणसे म्हणतात, "यंत्र बंद पडले!" खरे तर तेव्हा यंत्र धडधाकट असते. त्याच्यावरील बटण दाबले, तर ते झाडू लागते. तुटलेला असतो तो फक्त संपर्क.

हा संपर्क साखळीसारखा असतो. पहिली कडी यंत्रमानव ते घरातील राउटर, दुसरी राउटर ते इंटरनेट आणि तिसरी इंटरनेट ते तुमचा मोबाइल. कोणती कडी तुटली, हे क्रमाने शोधावे. आधी राउटरचे दिवे पाहावेत. काचतंतूची तार असेल, तर 'एलओएस' नावाचा लाल दिवा लागू शकतो. तारेतून प्रकाश येत नाही, असा त्याचा अर्थ आहे. तेव्हा यंत्रमानवाला दोष देऊन काय उपयोग? घरातील इतर मोबाइलवर त्याच राउटरचे इंटरनेट चालत असेल, तर मात्र यंत्रमानवाची कडी तपासावी.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. राउटर बहुधा दोन प्रकारच्या लहरी सोडतो : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ च्या लहरी वेगवान असतात, पण २.४ च्या लहरी भिंतींतून अधिक चांगल्या जातात. पुष्कळ यंत्रमानव फक्त २.४ च्याच लहरी ओळखतात. राउटरचा पासवर्ड बदलला, तर नवा पासवर्ड यंत्रमानवालाही द्यावा लागतो. हे न करता घाईने यंत्रातील सर्व माहिती पुसून टाकली, तर त्याने तयार केलेला घराचा नकाशाही जाऊ शकतो. म्हणून तो उपाय सर्वांत शेवटी करावा.

यंत्र चार्ज होत नसेल, तर ते बंद करून चार्जिंगच्या धातूच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसाव्यात. ब्रशात अडकलेले केस आणि दोरे काढावेत. मात्र बॅटरी फुगली असेल किंवा फार गरम होत असेल, तर ती उघडू नये. यंत्र वापरणे थांबवून जाणकाराला बोलवावे.

'इशारा' हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. उर्दूत त्याचा अर्थ खूण. मराठीत तो बहुधा सावध करण्यासाठी वापरतात. यंत्राचा छोटासा दिवा ही दोन्ही कामे करतो. आधी त्याच्याकडे नीट पाहावे आणि मगच यंत्राला हात लावावा.

शब्दार्थ
नाहक – विनाकारण. बुटका – कमी उंचीचा. धडधाकट – चांगल्या स्थितीत असलेला. काचतंतू – काचेचा अतिशय बारीक धागा. जाणकार – माहीतगार.

स्वाध्याय
१. काळ्या गालिच्यावर यंत्रमानव का थांबतो?
२. संपर्काच्या तीन कड्या कोणत्या?
३. यंत्रातील माहिती पुसण्याचा उपाय शेवटी का करावा?
४. तुमच्या घरातील एखाद्या यंत्राचे दिवे पाहा आणि त्यांचे अर्थ पाच वाक्यांत लिहा.