बरणीवरचे चिवट लेबल कसे काढावे?

बचत गटातील भगिनींनो, मध व लोणचे भरायला जुनी काचेची बरणी चालते. पण तिच्यावर जुने लेबल राहिले तर गिऱ्हाईक जुनीच तारीख वाचते. म्हणून ते पूर्ण काढावे.

१. बरणी कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. साध्या खळीने चिकटवलेला कागद सुटून येतो.

२. मागे राहिलेला चिकट थर पाण्याने जात नाही, तेलाने सुटतो. गोडेतेल व खाण्याचा सोडा सारखे घेऊन कालवा व लावा. १५ मिनिटांनी नारळाच्या काथ्याने घासा. रॉकेल नको, वास राहतो.

३. साबणाने धुवा. पातेल्याच्या तळाशी फडके घालून बरणी साध्या पाण्यात बुडवा, मगच चूल पेटवा. उकळी आल्यावर १० मिनिटे ठेवा. थंड बरणीत एकदम उकळते पाणी ओतल्यास काच तडकते.

४. पालथी घालून पूर्ण वाळवा. ओल राहिल्यास मध आंबतो, लोणच्याला बुरशी येते.

एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. कीटकनाशकाची बाटली कितीही धुतली तरी खाण्यापिण्यासाठी वापरू नये. तिचे लेबलही काढू नये. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही त्यावरची रंगीत चौकोनी खूण धोका सांगते.