अर्भकांचा न्यूमोनिया, प्रतिबंधक इंजेक्शने आणि सुवर्णप्राशन

पावसाळा सरत येतो, धानाच्या बांध्यांत पाणी साचलेले असते, आणि पवनी परिसरातील वैद्यांच्या दवाखान्यात माता एकच तक्रार घेऊन येऊ लागतात : बाळाला डबा झाला, पोट उडते, दूध ओढत नाही. उत्तरकालीन ग्रंथांत उत्फुल्लिका या नावाने वर्णिलेली अवस्था, म्हणजे पोट फुगणे आणि सोबत श्वास, हिच्याशी ही लक्षणे पुष्कळशी जुळतात. आधुनिक शास्त्र यास अर्भकाचा न्यूमोनिया किंवा सूक्ष्म श्वासनलिकांचा दाह म्हणते. नाव कोणतेही घ्या, पहिल्या सहा महिन्यांतील बालक या व्याधीत एका रात्रीत हातचे जाऊ शकते. म्हणून चिकित्सेपेक्षा प्रतिबंधाचा विचार येथे आधी करावा लागतो.

प्रतिबंधासाठी आज दोन निरनिराळ्या जातींची इंजेक्शने आहेत. व्यवसायबंधूंच्या व औषधविक्रेत्यांच्या बोलण्यात त्यांची सरमिसळ होते, ती दूर होणे आवश्यक आहे.

पहिली जात लसीची. न्यूमोनियास कारण होणाऱ्या जिवाणूंपैकी न्यूमोकोकस आणि हिब हे दोन विशेष घातक. हिबची लस पेंटाव्हॅलंट लसीत अंतर्भूत असून ती बालकास दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या वयात मिळते. न्यूमोकोकसची लस, जी पीसीव्ही म्हणून ओळखली जाते, राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ साली मोजक्या राज्यांत आली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रासह देशभर लागू झाली. तिच्या मात्रा तीन : सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने न्यूमोकोकसच्या दहा प्रकारांविरुद्ध 'न्युमोसिल' ही लस तयार केली व २०१९ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. एकेकाळी खाजगी दवाखान्यात हजारो रुपये मोजून घ्यावी लागणारी ही लस आज शासकीय लसीकरण सत्रात विनामूल्य आहे. हे अनेक पालकांस ठाऊक नसते. ते सांगण्याचे काम आपले.

दुसरी जात तयार प्रतिपिंडांची. अर्भकांच्या छातीच्या विकारांत आरएसव्ही नावाचा विषाणू अग्रस्थानी आहे. २०१९ साली जगभरात पाच वर्षांखालील एक लाखाहून अधिक बालके त्यामुळे दगावली, असा अंदाज प्रसिद्ध झाला आहे. त्यांपैकी सुमारे निम्मी सहा महिन्यांच्या आतली होती. आपल्या विदर्भातच, मेळघाटातील आदिवासी गावांत दोन वर्षांखालील बालकांचा दीर्घ अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात घरी मृत्यू पावलेल्या बालकांच्या नाकातील नमुनेही तपासले गेले. रुग्णालयात न पोचलेले मृत्यू कोणत्याच वहीत चढत नाहीत, म्हणून या कामाचे मोल विशेष.

या विषाणूवर १९६० च्या दशकात अमेरिकेत लस करून पाहिली गेली. ती घेतलेल्या बालकांस पुढे संसर्ग झाला तेव्हा व्याधी अधिकच उग्र झाली व दोन बालके दगावली. त्यानंतर संशोधकांनी अर्भकांपुरता मार्ग बदलला. शरीराला प्रतिपिंडे करावयास लावण्याऐवजी ती तयारच टोचावयाची. लस म्हणजे बांधीत बी पेरणे, आणि हे म्हणजे तयार तांदळाचे पोते घरी आणून ठेवणे. लगेच उपयोगी पडते, परंतु संपते. १९९८ पासून वापरात आलेले पॅलिविझुमॅब दरमहा टोचावे लागे, म्हणून ते अपुऱ्या दिवसांच्या व हृदयविकारी बालकांपुरते राहिले. युरोपात २०२२ व अमेरिकेत २०२३ साली मान्य झालेले निर्सेव्हिमॅब एकदाच द्यावयाचे असून त्याचे संरक्षण सुमारे पाच महिने, म्हणजे एक हंगाम टिकते. याशिवाय गर्भिणीस सातव्या-आठव्या महिन्याच्या पुढे द्यावयाची लसही २०२३ मध्ये मान्य झाली, तिची प्रतिपिंडे वारेतून बाळास मिळतात. भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात यांपैकी काहीही नाही. पालकांनी विचारल्यास बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. पीसीव्ही घेतली म्हणजे आरएसव्हीपासूनही रक्षण झाले, असे मात्र सांगू नये.

आता थोडे आपल्या घरातले. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात सुवर्णप्राशनाचे मेधा, अग्नी व बल यांसाठीचे गुण सांगितले आहेत, आणि पुष्यनक्षत्रावरील शिबिरांना गर्दीही होते. परंतु काही जाहिरातींत त्यास 'आयुर्वेदिक लसीकरण' म्हटलेले आढळते. हा शब्द टाळावा. लस विशिष्ट जंतूविरुद्ध असते, सुवर्णप्राशन तसे नाही. शिबिरास आणलेल्या बालकाचे लसीकरण कार्ड पाहण्याची प्रथा पाडल्यास तीच गर्दी उपयोगी ठरेल, आणि एखादी मात्रा राहिली असल्यास तेथल्या तेथे आशाताईंना कळविता येईल.

इंजेक्शने घेऊनही न्यूमोनिया होऊ शकतो. अशा वेळी घड्याळ लावून, शांत असलेल्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६० वा अधिक, दोन ते बारा महिन्यांत ५० वा अधिक, व त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध घेत नसेल वा निळसर दिसत असेल तर काढा-चाटण देण्यात वेळ न दवडता रुग्णालयात धाडावे. दोन महिन्यांच्या आतील बालकास तर श्वास वाढलेला दिसताच. पोटावर डाग देण्याचा आग्रह घरातील वडीलधारे करतात, त्यांना तेथेच ठामपणे थांबवावे. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावपातळीवरील कार्यकर्त्यांना श्वास मोजून प्रतिजैविक देण्यास शिकविले. तेथे न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना हे शिकविले त्यांत गावच्या सुईणीही होत्या. आपणास ते अवघड का वाटावे?

औषधविक्रेत्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. खाजगी लसी ठेवणाऱ्या दुकानांत तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस असावे, हे सर्वांस माहीत आहे. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात वीज गेली की सगळे उष्णतेची काळजी करतात, पण पीसीव्ही व पेंटाव्हॅलंट या लसी गोठल्याने कायमच्या निकामी होतात. पुन्हा वितळल्या तरी त्यांचा गुण परत येत नाही. म्हणून त्या बर्फाच्या कप्प्याला टेकवू नयेत, दारातील कप्प्यात ठेवू नयेत, आणि ग्राहकास देताना कुपी थेट बर्फात पुरून देऊ नये. फ्रीजमध्ये तापमापक असावा व त्याची नोंद सकाळ-संध्याकाळ, सुटीच्या दिवशीही, वहीत व्हावी. गोठल्याचा संशय आलेली कुपी विकू नये, बाजूला काढून तशी चिठ्ठी लावावी.