खंड्याची गोधडी

कारवान जातीचा कुत्रा फ्लॅटमध्ये पाळू नये, असं मला बऱ्याच जणांनी बजावलं होतं. लातूरकडच्या शेतावरून खंड्या पुण्यात आला तेव्हा एका जागी टेकणं त्याला ठाऊकच नव्हतं. दार, गॅलरी, ओटा, पुन्हा दार. शेजारणीने एक प्रशिक्षक सुचवले. ‘मालक कोण ते कुत्र्याला कळलं पाहिजे,’ हे त्यांचं पहिलं वाक्य. गळ्याला आवळणारी साखळी पायाखाली दाबायची आणि खांद्यावर हात देऊन कुत्र्याला खाली रेटायचं, ही त्यांची पद्धत. खंड्या आडवा झाला. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काय शिस्त! पण कान मागे चिकटलेले, डोळ्यांतलं पांढरं दिसतंय, जीभ सारखी ओठांवरून फिरतेय, झोप नसताना जांभया. त्याच आठवड्यात माझा नातू त्याला कुरवाळायला वाकला, तर तो गुरगुरला. पूर्वी तो असा कधीच गुरगुरला नव्हता. प्रशिक्षकांना नमस्कार केला आणि साखळी भंगारात दिली.

कळपातला एक दांडगा लांडगा बाकीच्यांना दाबून ठेवतो, या समजुतीवर ही पद्धत उभी आहे. समजूत पसरली ती रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांबद्दल लिहिलं त्यावरून. डेव्हिड मीच या अभ्यासकाच्या १९७० च्या पुस्तकाने तिला बळ दिलं आणि १९९९ मध्ये त्यांनीच ती खोडून काढली: रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. आपल्याकडे ती दुरुस्ती अजून पोचायची आहे.

तुमचा कुत्रा एका जागी टेकत नसेल तर आधी पशुवैद्याकडे न्या. गोचीड, कानातली खाज, कमरेचं दुखणं, यांवर शिकवणीचा काही उपयोग नाही. मग त्याला रोज मनसोक्त हुंगू देत फिरवा. कारवानसारख्या अंगावर मांस नसलेल्या कुत्र्यांना नुसती फरशी टोचते, हेही बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मी जुनी गोधडी चौघडी करून अंथरली आणि खंड्याचा अर्धा हट्ट तिथेच संपला.

आता आडवं व्हायला शिकवायचं. उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा नाकाशी धरून सरळ खाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये न्यायचा. कोपरं टेकली की तुकडा द्यायचा, तोही खालीच. वर धरून दिलात तर तो उठणारच. उंच पायांचे कुत्रे वाकायला तयार नसतात. त्यांच्यासाठी आपण जमिनीवर बसून गुडघा उभा करावा आणि त्याखालून तुकडा ओढत न्यावा. घरात शब्द मात्र एकच. आमच्याकडे ‘झोप’ आणि ‘डाऊन’ दोन्ही चालू होतं, ते बंद करायला कुत्र्यापेक्षा माणसांनाच जास्त वेळ लागला.

आडवं होणं लवकर जमतं. खरी शिकवणी त्यानंतरची. तो उठायच्या आत दुसरा तुकडा, मग दोन सेकंदांनी, मग पाच, मध्येच पुन्हा दोन. वेळ, अंतर आणि आजूबाजूची गडबड यांतली एका वेळी एकच गोष्ट वाढवा. तुम्ही चार पावलं लांब गेलात की वेळ पुन्हा दोन सेकंदांवर आणा. बक्षीस द्यायला तुम्हीच त्याच्याकडे परत जा. लांबून हाक मारून दिलंत, तर तो उठायचीच वाट पाहत पडून राहील. सुटकेचाही एक शब्द ठरवा; आमचा ‘सुट’. मधेच उठला तर ओरडू नका, गोधडीवर परत न्या आणि पुढची खेप सोपी करा. एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरे. तुकडे त्याच्या जेवणातून वजा करायचे, नाहीतर कारवानचा लॅब्रॅडोर होतो.

कॅरन ओव्हरॉल या अमेरिकी पशुवैद्य बाईंनी याच कामासाठी पंधरा दिवसांचा क्रम आखून दिला आहे: एक पाऊल मागे जा, टाळी वाजवा, दारापर्यंत जाऊन या. दिवस मोजत बसू नका, पण क्रम मोडू नका. कुत्रा कमरेतून एका कुशीवर कलला आणि हनुवटी खाली टेकली, की तो खरा सैलावला. चारही पाय अंगाखाली ताणून बसलेला असेल तर पुढची पायरी नको.

दाराची बेल अगदी शेवटी ठेवा. घरच्याच कुणाला तरी बाहेर उभं करून ती वाजवून घ्या. दूधवाल्यावर पहिला प्रयोग नको. फटाक्यांच्या दिवसांत ‘झोप’ म्हणूच नका, पलंगाखाली जायचं असेल तर जाऊ द्या. रस्त्यावर मात्र तो कितीही शिकलेला असला तरी पट्टा हातातून सोडू नका. मांजर दिसल्यावर कारवान तुमचं ऐकेलच, याची खात्री मी आजही देणार नाही.