मनी प्लांटची वेल : घरांत लावण्याची रीत

आपल्या जिल्ह्यांत घाटावर काय किंवा घाटाखालीं काय, ओसरीच्या खांबास अथवा खिडकींतल्या बाटलींत मनी प्लांटची वेल सर्रास दिसते. वेल लावणारे पुष्कळ आहेत; तिची प्रकृति ओळखून लावणारे थोडे. म्हणून तिजविषयीं कांहीं माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या वेलीचें मूळ ठिकाण पॅसिफिक महासागरांतील मोऑरेआ बेट होय. १८८० सालीं शास्त्रज्ञांनीं तिला पोथॉस ह्या वंशांत घातलें. परंतु तिला फूल क्वचितच येतें, त्यामुळें तिचा वंश ठरविणें बरींच वर्षें कठीण झालें. १९६४ सालीं एपिप्रेम्नम ऑरियम हें आजचें नांव तिला दिलें गेलें. वैद्यकांतील गजपिंपळी ही हिची नातलग. रानांत ही वेल पेरापेरांतून निघणाऱ्या मुळ्यांनीं झाडाच्या बुंध्यास चिकटून चढते. मात्र बांडगुळाप्रमाणें त्या झाडाचा रस ती शोषीत नाहीं. जमिनीशीं संबंध तुटला तरी सालींत साचलेला पालापाचोळा व पावसाची ओल ह्यांवर ती तग धरते. तेव्हां मुळाशीं खेळती हवा, बेताची ओल, दमट हवा आणि झाडाखालची सावली, एवढ्याच तिच्या गरजा आहेत.

उसाच्या बेण्यास जसा डोळा लागतो, तसें ह्या वेलीच्या तुकड्यास पेर लागतें. नुसतें पान देठासह पाण्यांत ठेविल्यास तें कित्येक दिवस हिरवें राहील, पण त्याची वेल होणार नाहीं. दोन-तीन पेरांचा तुकडा मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर लावावा. (चोरून आणलेली वेल जोमानें वाढते व घरांत पैसा आणते असा समज आहे. शेजाऱ्याकडून मागून आणलेली वेलही तितकीच वाढते, आणि पैशाचें म्हणाल तर तो शेतांतूनच यावयाचा.)

आपली काळी माती कपाशीस उत्तम, पण कुंडींत निरुपयोगी. ती पाणी धरून बसते, मुळें कुजतात, आणि वाळली म्हणजे कुंडीच्या कडा सोडते. एक भाग माती, एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत व एक भाग जाड वाळू घ्यावी. त्यांत नारळाचा काथ्या व विटांचा चुरा मिसळावा. बोटाच्या दोन पेरांइतकी माती कोरडी लागेल तेव्हांच पाणी द्यावें. खालीं लोंबत सोडलेल्या वेलीचीं पानें लहान होत जातात. चढावयास आधार मिळाला म्हणजे तींच मोठीं होतात. ह्याकरितां कुंडींत काठी रोवून तिला गोणपाट गुंडाळावें व तें ओलें ठेवावें.

घाटाखालच्या वाचकांनीं पाण्याकडे विशेष लक्ष द्यावें. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत विहिरीचें पाणी घातल्यास पानांचीं टोकें करपतात व मातीवर पांढरा थर बसतो. पावसाळ्यांत पन्हाळीचें पाणी झांकून सांठवावें व तेंच वापरावें. तें संपल्यास जें गोडें पाणी मिळेल त्यानें महिन्या-दोन महिन्यांनीं कुंडी एकदां भरपूर धुवून काढावी, म्हणजे क्षार तळाच्या छिद्रांतून निघून जातील. चैत्र-वैशाखांतील झळांपासून वेल आंत, पाण्याच्या रांजणाजवळ हलवावी. पानमळेवाले शेवरी-पांगाऱ्याची सावली करून नागवेल जगवितात, तोच हा न्याय. मात्र अगदीं अंधारांत ठेवल्यास पानांवरील पिवळ्या छटा नाहींशा होतात. घाटावर थंडी अधिक. तेथें पौष-माघांत पाणी कमी करावें.

आतां महत्त्वाची गोष्ट. ह्या वेलीच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते, जीभ व ओठ सुजतात, लाळ गळते. रांगतें मूल असलेल्या घरीं वेल उंच टांगावी. छाटणीचा हिरवा पाला गव्हाणींत किंवा शेळ्यांपुढें टाकणें हा तर शुद्ध अविचार होय. हिरवें तें सारें वैरण नव्हे. मुलानें पान चावलेंच तर तोंड पाण्यानें धुवून काढावें, आणि सूज वाढूं लागल्यास अथवा गिळण्यास त्रास झाल्यास विलंब न करितां डॉक्टरकडे न्यावें.

कांचेच्या बाटलींत वेल ठेवणारांनीं दर आठवड्यास पाणी बदलावें. डेंग्यू पसरविणारा डांस अशाच स्वच्छ सांठलेल्या पाण्यांत वाढतो व अंडीं भांड्याच्या आंतल्या बाजूस चिकटवितो. म्हणून बाटली आंतून घासणेंही अवश्य आहे.

कापलेले तुकडे विहिरीच्या कांठीं वा कुंपणालगत फेंकूं नयेत. श्रीलंकेंत ही वेल बागेबाहेर पडून रानांत पसरली आहे. तुकडे उन्हांत पूर्ण वाळवावे आणि मगच खताच्या खड्ड्यांत टाकावे.