'येथे क्लिक करा' म्हणजे कुठे?

मंडळाच्या ई-अंकासाठी मी बारडोलीवर चार पानं केली: १९२८चा सत्याग्रह, स्वराज आश्रम, साखर कारखाना आणि ताप्ती खोऱ्यातून जाणारी सुरत-भुसावळ रेल्वे. दिसायला झकास. मग वर्गातल्या एका मित्राला ती ऐकायला दिली. त्याला दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर तो वापरतो. त्याने दुव्यांची यादी उघडली आणि आवाज आला, 'येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा.' तो हसून म्हणाला, "अरे, येथे म्हणजे कुठे?"

चूक माझीच होती. हायवेच्या फाट्यावर पाटी लावायची आणि तिच्यावर 'इकडे जा' एवढंच लिहायचं, तसला हा प्रकार. व्यारा की सुरत, हे पाटीनेच सांगायला हवं ना?

तर मित्रांनो, दुवा करायचा टॅग म्हणजे 'ए'. त्याच्या 'एचरेफ' या गुणधर्मात पत्ता लिहायचा आणि उघडता टॅग व बंद होणारा टॅग यांच्यामध्ये वाचकाला दिसणारे शब्द. हे शब्द एकटे वाचले तरी कळले पाहिजेत. सत्याग्रहाच्या पानावर ब्रूमफिल्ड-मॅक्सवेल चौकशीचा उल्लेख आहे. तिथे आता 'अधिक माहिती' नाही, तर '२२ टक्के महसूलवाढ ६.०३ टक्क्यांवर कशी आली' हाच दुवा आहे. लांब झाला खरा, पण वाचक फसत नाही.

आता मेनू. मी चारही दुवे नुसते एकापुढे एक लिहून मध्ये उभ्या रेघा मारल्या होत्या. डोळ्यांना तो मेनू वाटतो, पण ब्राउझरला तो साधा मजकूर. मेनू ही मुळात यादी आहे, म्हणून 'यूएल' टॅग घ्यायचा, त्यात प्रत्येक दुव्यासाठी एक 'एलआय', आणि 'एलआय'च्या पोटात 'ए'. ('ए' थेट 'यूएल'मध्ये टाकू नका, नवशिक्यांची ही नेहमीची गफलत.) ही सगळी यादी 'नॅव्ह' टॅगमध्ये गुंडाळायची. असं केलं की वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आधीच सांगतं, हा नॅव्हिगेशनचा भाग आहे आणि यादीत चार गोष्टी आहेत. ज्याला नको तो ओलांडून पुढे जातो.

'यूएल'च का, 'ओएल' का नाही? 'ओएल' क्रमाच्या यादीसाठी असतो. रेल्वेच्या पानावर बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार ही स्टेशनं आहेत. त्यांचा क्रम बदलला तर गाडीच चुकेल, तिथे 'ओएल'. मेनूत आश्रम आधी की कारखाना, याने काही बिघडत नाही. यादीचे ठिपके आवडत नसतील तर सीएसएसने काढा, त्यासाठी यादी मोडू नका.

पत्त्याच्या बाबतीतही मी आपटलो. 'एचरेफ'मध्ये माझ्या संगणकावरच्या सी ड्राइव्हचा अख्खा पत्ता होता. माझ्याकडे चाललं, दुसऱ्यांकडे कसं चालणार? आपल्याच पानांसाठी फक्त फाइलचं नाव पुरतं. फाइल एक फोल्डर वर असेल तर आधी दोन टिंबं आणि तिरकी रेघ. परक्या साइटचा पत्ता मात्र एचटीटीपीएसपासून पूर्ण लिहायचा. फाइलची नावं रोमन लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा, कारण विंडोजला मोठं-लहान अक्षर सारखंच वाटतं, लिनक्सच्या सर्व्हरला नाही.

आणखी एक. सुरुवातीच्या 'एचटीएमएल' टॅगमध्ये 'लँग' गुणधर्माची किंमत 'एमआर' ठेवा, म्हणजे पान मराठी आहे हे सॉफ्टवेअरला कळतं. माझ्या पानात ती जागा इंग्रजीचीच राहिली होती.

तपासणी सोपी आहे. माऊस बाजूला ठेवा, टॅबची कळ दाबत जा आणि प्रत्येक दुव्यावर थांबून फक्त तेवढेच शब्द मोठ्याने वाचा. दुरुस्तीनंतर मित्राला पानं परत दिली. त्याने यादी उघडली, तिसरा दुवा अर्धा ऐकला आणि एंटर दाबून थेट कारखान्यात गेला.